खाणीच्या ढिगातली खडी: तीन रस्त्यांवर वापरल्यानंतर

क्रशरच्या हॉपरपाशी उभं राहून हातोड्याने दगड वाजवून बघायची सवय मला पहिल्या नोकरीत लागली. चांगला दगड खणकन वाजतो, कुजका बद्द आवाज करतो. रस्त्यांच्या कामावर मटेरियल तपासायला लागून 21 वर्षं झाली, तरी आजही मी आधी हातोडा काढते आणि मग चाळण्या मांडते. खाणीच्या ढिगातल्या दगडाने मात्र ही सवय अपुरी असल्याचं दाखवून दिलं. तो दगड खणखणीत वाजला होता, आणि त्यानेच पुढे रस्ता उचलला.

हे परीक्षण कुठल्या एका खाणीच्या मालाचं नाही. 'खाणीतला टाकाऊ दगड फोडून केलेली रस्त्याची खडी' या मालाचं आहे. तीन कामांवर तो माझ्या हाताखालून गेला. दोन रस्ते मी कुणालाही अभिमानाने दाखवीन. तिसऱ्याचा मोठा भाग उखडून पुन्हा करावा लागला. हा माल घ्यावा की नाही, असं कुणी विचारलं की मी या तिन्हींची हकिगत सांगते, कारण नुसतं हो किंवा नाही म्हणणं खोटं ठरेल.

आधी माल काय आहे ते. उघड्या खाणीत खनिजापर्यंत पोचायला वरचा आणि आजूबाजूचा दगड सुरुंग लावून काढावा लागतो. त्यात खनिज नसतं, किंवा इतकं कमी असतं की त्यावर प्रक्रिया करणं परवडत नाही. तो डंपरने नेऊन एका बाजूला टाकतात. खाणीवर त्याला ओबी म्हणतात, ढिगाला डंप. दुसरा प्रकार टेलिंग्जचा. खनिज दळून त्यातून कामाचं काढून घेतल्यावर उरलेली ही भुकटी पिठासारखी असते, कधी जाड वाळूसारखी, आणि बहुतेकदा बांध घातलेल्या तळ्यात गाळ होऊन साठते. दोन्हींना लोक सरसकट 'खाणीचा कचरा' म्हणतात, पण माझ्या लेखी हे दोन वेगळे माल आहेत. ओबी फोडून खरी खडी मिळते. टेलिंग्ज फार तर चुरीची जागा घेतात. मी इथे मुख्यतः ओबीबद्दल बोलतेय.

हा दगड किती निघतो याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. तांब्याच्या कित्येक मोठ्या खाणींत खनिजातला धातू 1 टक्क्याच्याही खाली असतो. म्हणजे 100 टन खनिज दळून हाती टनभरही तांबं लागत नाही, आणि त्या खनिजापर्यंत पोचण्यासाठी काढलेला दगड आणखी वेगळा. हे सगळं कुठेतरी ठेवावंच लागतं. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनला 21 ऑक्टोबर 1966 रोजी कोळसा खाणीचा पाण्याने भिजलेला ढीग टेकडीवरून घसरला आणि शाळेवर आला. 144 माणसं गेली, त्यातली 116 मुलं होती. ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्योला 25 जानेवारी 2019 रोजी लोहखनिजाच्या टेलिंग्जचा बांध फुटला आणि 270 जीव गेले. मी या क्षेत्रात असल्यामुळे असेल, पण ढिगातून उचललेला प्रत्येक डंपर मला बरा वाटतो. दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2022 च्या अहवालानुसार जगभरात वर्षाला 50 अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. म्हणजे एकीकडे चांगला डोंगर फोडायचा आणि दुसरीकडे फोडलेला डोंगर तसाच पडू द्यायचा. हा माल चालावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणूनच त्याच्याबद्दल कडक बोलणं मला गरजेचं वाटतं.

पहिला रस्ता लोहखनिजाच्या खाणीतल्या दगडाचा. काळपट तांबूस, हाताला जड, फुटला की कडा धारदार. आम्ही तो बेसच्या, म्हणजे डांबराखालच्या मजबूत थरात वापरला. लॉस एंजेलिस चाचणीत खडी लोखंडी गोळ्यांबरोबर पिंपात घालून 500 फेरे देतात आणि किती भुगा झाला ते 1.70 मिलिमीटरच्या चाळणीवर मोजतात. वरच्या डांबरी थराला साधारण 30 टक्क्यांपर्यंत झीज चालवून घेतात, बेसला त्याहून जास्त. या दगडाची झीज 17 टक्के आली. माझ्या लॅबमधल्या मुलाला वाटलं चूक झाली, म्हणून त्याने पुन्हा पिंप फिरवलं. पुन्हा 17. पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. असा दगड हाती आला की मटेरियलवाल्याचा दिवस सोन्याचा होतो.

त्रास झाला तो त्याच्या वजनाने. नेहमीच्या दगडाचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तो पाण्याच्या किती पट जड ते, 2.7 च्या घरात असतं, याचं 3.1 होतं. फरक लहान वाटतो. पण खडीची मागणी टनात करतात आणि थर मोजतात घनमीटरमध्ये. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या थराला साधारण 15 टक्के जास्त टन लागले. पहिल्या आठवड्यात माल कमी पडतोय, मधे कुठेतरी गळती होतेय, अशी कुजबुज सुरू झाली. वजनकाट्यावरच्या माणसाकडे सगळे संशयाने बघायला लागले. तो बिचारा रोज मला पावत्या आणून दाखवायचा. शेवटी सुपरवायझरांना समोर बसवून दोन बादल्या भरल्या, एकीत जुनी खडी, एकीत ही, आणि काट्यावर ठेवल्या. विषय तिथे संपला. डंपरचंही तेच. कडेपर्यंत भरायची सवय असलेल्या ड्रायव्हरने हा दगड कडेपर्यंत भरला की गाडी ओव्हरलोड.

घनता मोजायच्या यंत्रानेही आम्हाला फसवलं. न्यूक्लिअर गेज गॅमा किरणांवर चालतं, आणि दगडात लोह भरपूर असलं की किरण शोषले जाण्याचं गणित बदलतं. विशेषतः यंत्र नुसतं पृष्ठभागावर ठेवून घेतलेलं वाचन भरवशाचं राहत नाही. आमची वाचनं एका जागी अपेक्षित घनतेच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या मधे, तर दोन पावलांवर 104 टक्के. मी गेज पेटीत ठेवलं आणि सरळ खड्डा करून वाळू भरायच्या जुन्या पद्धतीने मोजायला लागले. वेळ लागतो, पाठ दुखते, पण आकडा खरा मिळतो. हा दगड वापरणाऱ्यांनी गेजचा आकडा आधी वाळूच्या पद्धतीशी ताडून बघावा आणि मगच त्यावर सही करावी.

त्या रस्त्यावरून आज आठ वर्षं जड वाहनं जाताहेत. मी मधे मुद्दाम वाट वाकडी करून गेले होते. चाकोऱ्या पडलेल्या नाहीत.

दुसऱ्या कामावर अशाच जातीचा, पण गारगोटीचं प्रमाण जास्त असलेला दगड वरच्या डांबरी थरात वापरला. अमेरिकेत मिनेसोटातल्या मेसाबी पट्ट्यात टॅकोनाइट नावाचं कठीण लोहखनिज निघतं. त्याच्या गोळ्या बनवताना एक टन मालामागे साधारण तीन टन खनिज खर्ची पडतं. तिथे उरलेला दगड आणि जाड टेलिंग्ज कित्येक दशकं रस्त्यात जाताहेत. तिथल्या विद्यापीठाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती संशोधन संस्थेने यावर बरंच काम केलंय. दगडातल्या मॅग्नेटाइटला, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाला, मायक्रोवेव्ह लहरींनी ऊब देऊन भर थंडीत खड्डे बुजवायचा प्रयोगही त्यांनी केला. मला तो फार आवडला होता, कारण दगडाचा जो गुण आम्हाला मोजमापात छळतो तोच त्यांनी कामाला लावला.

वरच्या थराला हा दगड का हवा, तर चाकांनी घासून तो गुळगुळीत होत नाही. चुनखडीचा दगड डांबराला छान धरतो, पण काही वर्षांत वर चकाकी येते आणि पावसात गाड्या घसरतात. गारगोटीवाला दगड खरखरीत राहतो. पण नेमकी तीच गारगोटी डांबराला नीट धरत नाही. पाणी मधे शिरलं की डांबर साल निघाल्यासारखं सुटतं. आमच्या पहिल्या नमुन्यात 24 तास पाण्यात ठेवल्यावर खडीचा बराच भाग उघडा पडलेला दिसला. मग विझवलेला चुना मिसळला, सगळ्या खडीच्या वजनाच्या दीड टक्का, आणि नमुना पास झाला. ज्यांना हा दगड वरच्या थरात घालायचाय त्यांनी चुना किंवा डांबर चिकटून राहण्याचं रसायन धरूनच मिक्स डिझाइन करावं.

डांबराच्या टक्केवारीचंही बोलायला हवं. डांबर वजनाच्या टक्क्यांत मोजतात. 2.7 च्या दगडाला 5.2 टक्के लागत असेल, तर 3.1 च्या दगडावर तेवढ्याच जाडीचा लेप बसवायला साधारण 4.6 टक्के पुरतं. आकडा कमी दिसतो म्हणून तपासणीला आलेल्या साहेबांनी काम थांबवलं होतं. दोन दिवस गेले. आता मी डिझाइनच्या पहिल्या पानावरच विशिष्ट गुरुत्व मोठ्या अक्षरात लिहिते.

आता तिसरा रस्ता.

खाण धातूचीच, पण वेगळ्या खडकांतली. तिचं नाव सांगणार नाही. ढीग अजस्र होता, कामापासून जवळ होता आणि खाणवाल्यांना तो हलवायची घाई होती. मी नमुने घ्यायला गेले तेव्हा तिथले अधिकारी म्हणाले, "मॅडम, कुठूनही घ्या, सगळा एकच दगड आहे." मी पायथ्यापासून तीन जागचे नमुने घेतले. वर चढणं धोक्याचं होतं आणि ऊनही फार होतं. दगड करडा, घट्ट, हातोड्याखाली खणकन वाजणारा. झीज 21 टक्के. बाकी सगळ्या चाचण्या व्यवस्थित. मी सही केली.

तेव्हा माझ्या लक्षात न आलेली गोष्ट इतकी साधी आहे की आता सांगताना त्रास होतो. डंपर ढिगाच्या माथ्यावरून माल खाली ओततो. मोठे, कठीण दगड गडगडत पायथ्याला जातात. मऊ, फुटका, बारीक माल वरच अडकतो. म्हणजे पायथ्याशी उभा राहून नमुना घेणाऱ्याला ढिगातला सगळ्यात चांगला दगड मिळतो. शिवाय ढीग 20-25 वर्षांत थराथराने वाढलेला असतो. खाण ज्या वर्षी ज्या बाजूला खणली जात होती, त्या बाजूचा खडक त्या वर्षीच्या थरात. ढीग बाहेरून एकसारखा दिसतो, कारण वरून सगळ्यावर एकच धूळ बसलेली असते.

आम्ही तो माल सब-बेसमध्ये, म्हणजे बेसच्याही खालच्या थरात घातला आणि मजबुतीसाठी त्यात थोडं सिमेंट मिसळलं. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रोलरवाले काका दुसऱ्या कामाला त्याच रस्त्याने येत होते. ते मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या रस्त्याला पाठीचा कणा फुटलाय." मी गेले. मधोमध लांबच लांब उंचवटा, त्यावर उभी भेग. रस्ता खचतो हे आम्ही नेहमी बघतो. हा वर आला होता. कडेच्या गटाराच्या भिंती बाहेर ढकलल्या गेल्या होत्या आणि भेगांमधून गंजासारखे तपकिरी ओघळ आले होते.

खोदलं. करड्या खडीच्या मधे काळसर, पानापानांच्या दगडाचे तुकडे निघाले, बोटांनी सुटे होणारे. फटींत पांढऱ्या बारीक सुया. त्या काळ्या दगडात पायराइट होतं, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज. पायराइट म्हटलं की पितळेसारखे चमकणारे घनाकार खडे आठवतात. पण काळ्या शेलमधलं, म्हणजे असल्या पानापानांच्या दगडातलं पायराइट कित्येकदा इतक्या सूक्ष्म दाण्यांचं असतं की भिंगाखालीही दिसत नाही, आणि हेच बारीक दाणे सगळ्यात लवकर सडतात. हवा आणि पाणी मिळालं की त्यातून गंधकाम्ल तयार होतं. ते आसपासच्या चुनखडीशी भिडलं की जिप्सम होतं आणि जिप्सम जास्त जागा मागतं. आमच्या थरात शिवाय सिमेंटही होतं. सल्फेट, चुना, अॅल्युमिना आणि पाणी एकत्र आले की एट्रिंगाइटचे स्फटिक वाढतात. त्याच्या सूत्रात पाण्याचे 32 रेणू बसतात, यावरून ते किती फुगत असेल याची कल्पना यावी. मजबुतीसाठी घातलेल्या सिमेंटनेच थर उचलला. एकूण गंधक तपासलं तर काळ्या तुकड्यांत 1.9 टक्के. काँक्रीटच्या खडीसाठी युरोपीय मानकाची मर्यादा 1 टक्का आहे, आणि पायरोटाइट नावाचं त्याचं भावंड असेल तर फक्त 0.1 टक्का. मी गंधकाची चाचणीच केली नव्हती. चांगल्या दगडाच्या क्वारीतून, म्हणजे खडीसाठीच खणलेल्या दगडखाणीतून माल घेताना कधी लागली नव्हती, म्हणून सुचलीच नाही.

माझ्या आधी हे शेकडो घरांनी भोगलंय, हे मला नंतर वाचून कळलं. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाणींचा टाकाऊ दगड काँक्रीटच्या विटांत आणि घरांत वापरला गेला. त्यातलं पायराइट सडून घरं आतून भुसभुशीत झाली. तिथल्या खाणकामगारांचा पायराइटसाठीचा शब्द 'मंडिक'. आज तिथे जुनं घर विकताना मंडिकची तपासणी करून घेतात. आयर्लंडमध्ये घरांच्या जमिनीखाली पायराइटचा दगड भरला गेला, फरश्या उचलल्या, भिंती तडकल्या, आणि 2013 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

रस्ता उखडताना मी रोज तिथे उभी राहायचे. जायची गरज नव्हती, पण घरी बसवेना.

त्यानंतर मी हा माल बंद केला असता तर कुणी दोष दिला नसता. पण पहिले दोन रस्ते डोळ्यांसमोर होते. त्या दोन कामांत वेगळं काय झालं होतं, हे शोधायला मी पहिल्या खाणीवर परत गेले. तिथल्या तरुण भूवैज्ञानिक मुलीने एक रजिस्टर काढलं. कुठल्या बेंचवरचा, म्हणजे खाणीच्या कुठल्या पायरीवरचा दगड, कुठल्या तारखेला, कुठल्या ढिगावर गेला, सगळं ओळीने लिहिलेलं. गंधक असलेला खडक त्यांनी सुरुवातीपासून वेगळ्या ढिगावर टाकला होता, खाली मातीचा थर देऊन. आम्हाला दिलेला दगड एकाच बेंचचा होता. "ताई, आम्हाला तुमच्या रस्त्याचं काही माहीत नव्हतं," ती म्हणाली, "ढिगातून आम्लाचं पाणी नदीत जाऊ नये म्हणून आम्ही हे करतो." नदीसाठी घेतलेल्या काळजीने माझा रस्ता वाचला होता आणि मी श्रेय लॉस एंजेलिसच्या पिंपाला देत होते.

म्हणून आता कुठल्याही खाणीवर गेले की दगडाआधी रजिस्टर मागते. बेंचची नोंद नसेल, किंवा सगळा खडक एकाच ढिगावर ओतला असेल, तर मी तो दगड फक्त खाणीच्या आतल्या रस्त्यांना सुचवते. नोंद असेल तर पुढच्या तपासण्या. माथा, मध्य आणि पायथा, तिन्हीकडून नमुने, आणि तेही पोकलेनने आत खणून. वर काढलेल्या दगडाचे जातीनुसार वेगळे ढीग करते, रंग बघून, फोडून, ओला करून. प्रत्येक जातीचं एकूण गंधक. 1 टक्का गंधकातून होणारं आम्ल विझवायला दर टन दगडामागे 31.25 किलो कॅल्शियम कार्बोनेट लागतं. तेवढी चुनखडी त्या दगडात मुळातच आहे का, हे ताळेबंदासारखं मांडता येतं. मग हायड्रोजन पेरॉक्साइड घालून उकळायची चाचणी. शेवटी पाण्याचा सामू (पीएच) 4.5 च्या खाली गेला की तो दगड आम्ल करणारा धरतात. काळ्या, पानापानांच्या दगडाला स्लेक चाचणी लावते. जाळीच्या पिंपात पाण्यात फिरवायचं, 10 मिनिटांत 200 फेरे, वाळवायचं, पुन्हा फिरवायचं, आणि उरलेलं तोलायचं. लॉस एंजेलिस कोरड्या दगडाचा दणकटपणा सांगतं. ओला-सुका होताना तो टिकतो का, हे स्लेकमध्ये कळतं.

सिमेंट किंवा चुना घालून स्थिर करायच्या थरात हा माल वापरायचा असेल तर सल्फेटही तपासते, आणि शंका असेल तर त्या थरात घालतच नाही. यावर माझ्याशी वाद घालणारे इंजिनिअर आहेत. मी ऐकते, पण बदलत नाही.

आरोग्याचा प्रश्न याहून मोठा आहे आणि त्यात रस्ता उखडून सुटका होत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विटेनूम गावात निळ्या अॅस्बेस्टॉसची खाण होती. 1966 मध्ये ती बंद झाली. तोवर तिच्या टेलिंग्ज गावच्या रस्त्यांवर, धावपट्टीवर, मुलांच्या खेळायच्या जागांवर पसरून झाल्या होत्या. धूळ बसावी म्हणून खडी टाकतात, तशी ती टाकली होती. माणसं फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली आणि 2007 मध्ये ते गाव सरकारी दप्तरातूनच काढून टाकलं. अमेरिकेत ओक्लाहोमा, कॅन्सस आणि मिसुरीच्या सीमेवर शिसं आणि जस्ताच्या खाणींची बारीक खडी डोंगराएवढी साठली. तिला तिथे 'चॅट' म्हणतात. घरांपुढच्या वाटांवर आणि मुलांच्या वाळूच्या खेळात ती गेली आणि मुलांच्या रक्तात शिसं सापडलं. पिचर हे गाव त्यात रिकामं झालं. तरीही त्या मालावर सरसकट बंदी आलेली नाही. 2007 मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने नियम केला की सरकारी पैशातल्या रस्त्यांत चॅट वापरायची तर डांबरात किंवा काँक्रीटमध्ये बांधून वापरा, सुटी पसरू नका. मला हा नियम शहाणा वाटतो, कारण दगड काय आहे याइतकाच तो कुठल्या थरात जातोय हाही प्रश्न आहे. ज्या मेसाबीचं मी वर कौतुक केलं, त्या पट्ट्याच्या पूर्व टोकाला अ‍ॅस्बेस्टॉससारखी तंतुमय खनिजं आहेत. तिथल्या खनिजाच्या टेलिंग्ज सिल्व्हर बे इथून 1980 पर्यंत लेक सुपिरिअरमध्ये सोडल्या जात होत्या आणि पिण्याच्या पाण्यात तंतू सापडल्यावर मोठा खटला झाला. एकाच पट्ट्याच्या एका टोकाचा दगड निर्धोक आणि दुसऱ्या टोकाचा शंकास्पद, हे तिथेही खरं ठरलं. म्हणून खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी आता सुटी खडी पसरायला परवानगी देत नाही. गारगोटीच्या दगडात सिलिकाची धूळ असतेच. क्रशरवर पाण्याचे फवारे आणि माणसांच्या तोंडावर नीट बसणारे मास्क हवेत. रुमाल बांधून भागत नाही.

क्रशरचं थोडक्यात सांगते. खाणवाले सुरुंग खनिजाच्या सोयीने लावतात, खडीच्या नाही. त्यामुळे धोंडे मोठे येतात आणि ब्रेकरला काम वाढतं. मालात सुरुंगाच्या तारा, ड्रिलचे तुकडे, पोकलेनच्या बकेटचे दात सापडतात. पट्ट्यावरचा चुंबक सगळं पकडतो अशी समजूत आहे. मँगनीज पोलाद चुंबकाला चिकटत नाही. आमच्या कामावर असा एक तुकडा थेट कोन क्रशरमध्ये गेला आणि चार दिवस क्रशर बंद राहिला. मेटल डिटेक्टर हवाच. न फुटलेल्या स्फोटकाचा अवशेष दिसला तर काम थांबवून खाणीच्या ब्लास्टरला बोलवा, दुसऱ्या कुणी हात लावू नये. अतिकठीण दगडाने जॉ क्रशरच्या प्लेट लवकर झिजतात आणि खडी चपटी येते. आमच्याकडे शेवटच्या टप्प्याला आडव्या फेकीचा क्रशर लावल्यावर आकार सुधारला.

माझं मत विचाराल तर नोंद असलेल्या, गंधक नसलेल्या, एकाच बेंचच्या दगडाला बेससाठी मी पैकीच्या पैकी देईन. क्वारीचा चांगला दगडही त्याच्यापुढे फिका पडलेला मी पाहिलाय. वरच्या डांबरी थराला तो उत्तम, चुन्यासकट. भरावाला चालेल, पण इमारतीच्या पायाजवळ नको. सुटा पसरायला तपासणीशिवाय कधीच नको. आणि नोंद नसलेला ढीग कितीही जवळ असो, कितीही खणखणीत वाजो, मी घेत नाही.

सध्या एका नव्या खाणीचा दगड माझ्याकडे आलाय. रजिस्टर आहे, पण मधल्या दोन वर्षांची पानं अर्धवट भरलेली आहेत. म्हणून ह्युमिडिटी सेल लावलाय. किलोभर फोडलेला दगड नळकांड्यात, तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट हवा, सातव्या दिवशी पाण्याने धुवायचं आणि ते पाणी तपासायचं. हे निदान 20 आठवडे चालतं. ठेकेदार दर सोमवारी फोन करतात आणि काम अडलंय म्हणतात. कालच्या बाटलीवर मी नवव्या आठवड्याचं लेबल लावलं. सामू 7.4 आहे, सल्फेट गेल्या आठवड्यापेक्षा किंचित वाढलंय. अजून 11 बाटल्या भरायच्या आहेत.